स्पोन्सियनचें सोनें : धातूच्या कसावरून नाण्याचें खरेंपण ठरतें काय?

रोमन सम्राटांच्या नामावळींत एका नव्या नांवाची भर घालूं पाहणारा एक प्रबंध इ. स. २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यांत ‘प्लॉस वन’ या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख लेखक लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांतील भूशास्त्रज्ञ पॉल पिअर्सन हे असून ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयाचे जेस्पर एरिक्सन हे त्यांचे एक सहलेखक आहेत. शेंदीडशें वर्षें बनावट म्हणून बाजूस टाकलेलीं कांहीं सुवर्णनाणीं अस्सल आहेत, आणि त्यांवर ज्याचें नांव आहे तो स्पोन्सियन हा डेशिया प्रांतांत इ. स. २६० नंतरच्या दशकांत होऊन गेलेला खराखुरा सेनानी असावा, असा या प्रबंधाचा निष्कर्ष आहे. वृत्तपत्रांनीं ‘हरवलेला सम्राट सांपडला’ म्हणून गाजावाजा केला. अनेक नाणकशास्त्रज्ञांनीं मात्र हें मत स्वीकारलें नाहीं.

स्पोन्सियन होता कीं नव्हता, यानें आपल्याकडील इतिहासाचें एक पानहि बदलत नाहीं, हें खरें. तरी या प्रबंधाचा विचार येथें करण्याचें कारण असें कीं, त्यांतील प्रमाणपद्धति आपल्या नित्य व्यवहारांतील आहे. वस्तूचें द्रव्य व तिच्या अंगावरील झीज जुनी दिसली म्हणजे तिच्यावरील लेखहि खरा, असें अनुमान नाण्यांच्या बाबतींत जितक्या सहजतेनें केलें जातें, तितक्याच सहजतेनें तें कागदपत्रांच्या बाबतींतहि केलें जातें. जुन्या चोपडीच्या शेवटचीं कोरीं पानें फाडून त्यांवर वतनाची सनद उतरविणारे महाभाग ज्यांच्या दृष्टीस पडले आहेत, त्यांस या अनुमानाचें मोल सांगावयास नको.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. इ. स. १७१३ मध्यें व्हिएन्ना येथील राजसंग्रहाचे नाणेनिरीक्षक कार्ल गुस्ताव हेरेउस यांनीं ट्रान्सिल्व्हेनियांत सांपडल्याचें सांगितलेलीं आठ सुवर्णनाणीं संग्रहासाठीं घेतल्याची नोंद करून ठेविली. त्याच जातीचीं आणखी कांहीं नाणीं पुढें निरनिराळ्या संग्रहांत शिरलीं. त्यांपैकीं चार विल्यम हंटर यांच्या संग्रहाबरोबर ग्लासगोस आलीं, व स्पोन्सियनचें एक नाणें रुमानियांतील सिबिउ येथील ब्रुकेन्थाल संग्रहालयांत आहे. कांहींवर तिसरा गॉर्डियन व फिलिप यांचीं नांवें अशुद्ध अक्षरांत आहेत. स्पोन्सियनच्या नाण्याच्या पुढील बाजूस किरणांच्या मुकुटाचें मस्तक असून मागील बाजूस इ. स. पूर्वी १३५ च्या सुमाराच्या एका रौप्य दिनारावरील चित्राची नक्कल आहे; म्हणजे स्पोन्सियनच्या मानलेल्या काळाहून जवळजवळ चारशें वर्षें जुन्या नाण्याची. रोमन टांकसाळी सोन्याचीं नाणीं ठशांनीं ठोकून पाडीत. हीं साच्यांत ओतलेलीं आहेत. फ्रेंच नाणकशास्त्रज्ञ हेन्री कोहेन यांनीं एकोणिसाव्या शतकांत यांची संभावना भिकार बनावट म्हणून केली, आणि तेव्हांपासून तीं खणांतच पडून राहिलीं.

पिअर्सन व त्यांचे सहकारी यांनीं ग्लासगोचीं चार नाणीं सूक्ष्मदर्शकाखालीं व इतर यंत्रांनीं तपासलीं, आणि तुलनेसाठीं दोन निःसंशय अस्सल ऑरिअस घेतले. त्यांस तीन गोष्टी आढळल्या: नाणीं दीर्घकाळ हातोहात फिरल्यासारखी खोल सूक्ष्म झीज, खांचांत बसलेली व खनिजद्रव्यानें घट्ट चिकटलेली माती, आणि नेहमींच्या रोमन सोन्याहून हिणकस, चांदी व तांबें असलेली धातु. पहिल्या दोन गोष्टींकडे पुढें वळूं. तिसरीचा विचार आधीं करावयास हवा, कारण आमच्या संग्राहक मंडळींचा सारा भर तिच्यावरच असतो. सराफानें ‘सोनें चोख आहे’ म्हटलें कीं नाणें खरें, ‘हीण आहे’ म्हटलें कीं खोटें. याउपर विचारपूस होत नाहीं.

रोमन सोन्याच्या कसाचा इतिहास या समजुतीस मुळींच अनुकूल नाहीं. प्लिनीनें आपल्या निसर्गेतिहासाच्या तेहतिसाव्या खंडांत म्हटलें आहे कीं, पूर्वीं एका रोमन पौंडांत चाळीस सुवर्णनाणीं पाडीत. पुढें सम्राटांनीं वजन हळूहळू घटविलें आणि शेवटीं नीरोनें तें पंचेचाळीसांवर आणिलें. रोमन पौंड सुमारें ३२७ ग्रॅम धरला तर नीरोच्या सुधारणेनंतरचा ऑरिअस सुमारें ७.३ ग्रॅमचा होतो, आणि तराजूंत घातलेलीं नाणीं या हिशेबाशीं चांगलीं जुळतात. प्लिनी येथें वजनाविषयीं बोलतो, कसाविषयीं एक अक्षर काढीत नाहीं. आणि तें बरोबरच आहे. त्याच नीरोनें चांदीच्या दिनारांत तांबें मिसळलें, पण सोन्याचा कस ढळूं दिला नाहीं. पुढें कॅराकल्लानें पौंडांत पन्नास नाणीं केलीं. तेव्हांहि कमी झालें तें वजनच. म्हणजे पहिल्या अडीचशें वर्षांत रोमन राज्यकर्त्यांस तूट पडली कीं ते सोन्याच्या नाण्याचें अंग बारीक करीत आणि चांदीच्या नाण्याचें पोट भ्रष्ट करीत. चांदी सैनिकाच्या हातीं पडे; सोनें मोठा व्यापारी, सरदार व परदेशचा धनी यांच्या हातीं जाई. हे लोक सोन्याची परीक्षा जाणणारे होते.

हा नियम तिसऱ्या शतकाच्या मध्यावर मोडला. व्हॅलेरिअन व गॅलिएनुस यांच्या काळीं, म्हणजे इ. स. २५३ ते २६८ या अवधींत, सोन्याच्या नाण्याचें वजन इतकें अनियमित झालें कीं एक नाणें दुसऱ्याच्या निम्मेंहि भरेना, आणि सोन्यांतहि हीण शिरलें. इ. स. १९८५ मध्यें पॅरिस येथें सेसिल मोरिसों, झाँ-नोएल बारांदों व त्यांचे सहकारी यांनीं रोमपासून बायझँटिअमपर्यंतच्या सुवर्णनाण्यांच्या पृथक्करणाचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यानें ही गोष्ट पक्की झाली. डायोक्लेशनने पुढें पौंडांत साठ नाणीं पाडून घडी बसविण्याचा प्रयत्न केला. कॉन्स्टंटाइनच्या सॉलिडसचें प्रमाण पौंडांत बहात्तर, म्हणजे नाणें सुमारें ४.५ ग्रॅमचें. परंतु सॉलिडस आरंभापासूनच निर्दोष होता असें नाहीं. चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांत थोडें हीण राहत असे. इ. स. ३६७ च्या सुमारास व्हॅलेंटिनिअन व व्हॅलेन्स यांनीं करांत आलेलें सोनें वितळवून, शुद्ध करून मगच घ्यावें असा निर्बंध घातला, आणि त्यानंतर नाण्यांवर ‘ओ’ व ‘ब’ हीं दोन अक्षरें दिसूं लागलीं. हीं ‘ओब्रिझियाकुम’ म्हणजे तावून काढलेलें सोनें या शब्दाचीं आद्याक्षरें होत, हें आज सर्वमान्य आहे. पृथक्करणांतहि याच वेळीं कस शेंकडा नव्व्याण्णवाच्या आसपास चढलेला दिसतो. गंमत अशी कीं ग्रीक अंकपद्धतींत ‘ओ’ म्हणजे सत्तर व ‘ब’ म्हणजे दोन. तेव्हां तीं अक्षरें पौंडांतील बहात्तर या संख्येचेंहि काम करतात. कटपयादि संकेतानें शक उलगडण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस हा श्लेष आवडेल.

इंग्लंडांत हॉक्स्ने येथें १९९२ मध्यें निघालेल्या ठेवींत या नंतरच्या काळाचे सुमारें पावणेसहाशें सॉलिडस होते. त्याच ठेवींतील चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून कातरून ओरबाडलेल्या आहेत. सोन्याच्या कडांस मात्र कोणी हात लाविलेला नाहीं. कायद्याहून अधिक बोलका असा हा पुरावा आहे.

आतां स्पोन्सियनकडे परत येऊं. त्याचें सोनें हिणकस आहे. सोन्यांत हीण शिरलें तें नेमकें इ. स. २६० च्या आगेमागें, आणि प्रबंधकार स्पोन्सियनला बसवितात तोहि याच काळांत. डेशियांत सोन्याच्या खाणी होत्या, प्रांत मुख्य साम्राज्यापासून तुटला होता, शुद्ध करण्याची सोय नसतां खाणींतील सोनें तसेंच ओतलें असावें: ही उपपत्ति सुसंगत आहे. पण सुसंगत असणें निराळें व सिद्ध असणें निराळें. आल्बुर्नुस मायोर, म्हणजे आजचें रोशिया मोंताना, येथील सोन्यांत निसर्गतःच भरपूर चांदी असते, आणि तें सोनें रोमन लोक गेल्यावर संपलें नाहीं. इ. स. १६९९ च्या तहानंतर ट्रान्सिल्व्हेनिया हॅब्सबर्गांच्या ताब्यांत आला, तेव्हांहि तेथील सोनें निघतच होतें. १७१३ च्या आधीं ट्रान्सिल्व्हेनियांतील एखाद्या सोनारानें व्हिएन्नाच्या हौशी संग्राहकांसाठीं नाणीं ओतलीं असतील, तर त्याच्या मुशींतहि हेंच चांदीमिश्रित सोनें पडावयाचें. अर्थात् या हिणाची साक्ष दोन्ही पक्षांस सारखीच लागू पडते. न्यायशास्त्राच्या भाषेंत हा हेतु अनैकांतिक आहे. साध्य असो वा नसो, तो तेथें असतोच.

येथें परीक्षणाच्या साधनाविषयींहि दोन शब्द अवश्य आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या जोडीनें धातूचा जो अंश मोजला जातो, तो पृष्ठाच्या अत्यंत पातळ थराचा असतो. जमिनींत शतकानुशतकें पडलेल्या मिश्रधातूच्या पृष्ठांतून तांबें व चांदी पाझरून जाते आणि वरचा थर आंतल्याहून शुद्ध दिसूं लागतो. रोमन चांदीच्या बाबतींत केव्हिन बुचर व मॅथ्यू पॉन्टिंग यांनीं नाण्याच्या गाभ्यांतील कीस काढून पाहिलें, तेव्हां पृष्ठावरून काढलेले पूर्वींचे आंकडे कसे फुगलेले होते तें उघड झालें. शुद्ध सोन्यांत ही अडचण नसल्यासारखीच. हिणकस सोन्यांत ती आहे, आणि स्पोन्सियनचें सोनें हिणकस आहे. नाण्यास धक्का न लावण्याचा प्रबंधकारांचा निश्चय स्तुत्य होय. पण मग त्या आंकड्यांवर डेशियाच्या खाणींचा डोलारा उभारूं नये.

धक्का न लावतां गाभ्यापर्यंत पोंचणारी एक जुनी युक्ति आहे, व ती आमच्या संग्राहकांच्या आटोक्यांतील आहे: पाण्यांतील वजन. शुद्ध सोन्याचें विशिष्ट गुरुत्व १९.३, चांदीचें १०.५, तांब्याचें सुमारें ९. म्हणून ७.३ ग्रॅमचा चोख ऑरिअस पाण्यांत सुमारें ०.३७८ ग्रॅमनें हलका भरावा. त्यांत दहावा हिस्सा चांदी असेल तर गुरुत्व १७.८ वर येतें व घट सुमारें ०.४१० ग्रॅम होते. फरक अवघा ०.०३२ ग्रॅमचा. तेव्हां मिलिग्रॅमपर्यंत अचूक तराजू हवा, आणि नाण्याच्या खांचांत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी निकाल फिरतो. शिवाय हेंच १७.८ गुरुत्व शेंकडा सात-सव्वासात तांबें मिसळल्यानेंहि येतें. म्हणजे हीण किती हें कळावयास तें कसलें हें आधीं ठाऊक हवें. तरीहि सराफाच्या कानशीपेक्षां पाण्याची वाटी शतपटीनें बरी. तिनें वस्तु तरी शिल्लक राहते.

कसोटीच्या दगडाची मर्यादा आपल्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. कौटिल्यानें अक्षशालेच्या प्रकरणांत निकषावरील रेघ कशी पारखावी हें सांगून, नखांत दडविलेला गेरू भुरभुरून रेघेचा रंग कसा बदलला जातो हेंहि सांगितलें आहे. आणि सोनाराच्या चोऱ्यांच्या पांच प्रकारांत वरून पत्रा मढविण्याचा प्रकार त्यानें वेगळा काढला आहे. सोन्याच्या उतरत्या वर्णांची त्याची मोजणी सोळांपर्यंत आहे. मराठींत आपण बावनकशी म्हणतों. परंतु कौटिल्याचा प्रश्न ‘हें सोनें किती?’ असा आहे, ‘हें नाणें कोणाचें?’ असा नाहीं. पुदुक्कोट्टै संस्थानांत १८९८ मध्यें निघालेल्या ५०१ ऑरिअसांपैकीं बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा घाव आहे. कोणी म्हणतात तो आंतील धातु पाहण्यासाठीं, कोणी म्हणतात नाणें व्यवहारांतून बाद करण्यासाठीं. नुसती धातु पाहावयाची तर कडेवर एक खांच पुरली असती, नेमकें तोंड फोडण्याचें प्रयोजन नव्हतें. म्हणून आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. तें कसेंहि असो, ज्या व्यापाऱ्याच्या हातीं तीं नाणीं होतीं त्याला सोनें हवें होतें, सम्राट नव्हे. आम्हांस सम्राट हवा आहे. त्याची परीक्षा सोन्यावरून कशी होणार?

आतां झीज व माती. प्रबंधाचा हा भाग सर्वांत भक्कम आहे, आणि टीकाकारांनीं त्याची जी हेटाळणी केली ती अन्याय्य वाटते. अठराव्या शतकाच्या आरंभीं ज्या सूक्ष्म ओरखड्यांची कोणास कल्पनाहि नव्हती, ते कोणी मुद्दाम कां घडवील, हा प्रबंधकारांचा प्रश्न योग्य आहे. परंतु झीज घडविण्यास सूक्ष्मदर्शकाची गरज लागत नाहीं. शंभर वर्षांनीं झालेला जर्मन बनावटकार कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) आपण पाडलेलीं नाणीं लोखंडाच्या किसांत घालून ती पेटी गाडीच्या आंसाजवळ बांधी व गाडी रस्त्यानें फिरवून आणी. तो धातूच्या बाबतींतहि सावध असे. साधीं अस्सल नाणीं घेऊन त्यांवरच दुर्मिळ नाण्याचे ठसे मारी, म्हणजे कस लावणारा फसलाच. मातीविषयीं म्हणावयाचें तर पुरलेली वस्तु पुरलेली होती इतकेंच तिनें सिद्ध होतें; चिकटलेल्या द्रव्यास किती वर्षें लागलीं हें निश्चित सांगतां येईल तेव्हांच तिचें वजन वाढेल. प्रबंधकार ‘दीर्घकाळ’ म्हणून थांबतात. हा दीर्घकाळ पन्नास वर्षांचा कीं चौदाशें, हाच तर वाद आहे.

आमचा खरा आक्षेप मात्र निराळाच आहे. ‘बनावट नाहीं, म्हणून सम्राटाचें’ अशी दोनच दारें प्रबंधकारांनीं उघडीं ठेविलीं आहेत. तिसरें दार अनुकृतीचें. इ. स. २५१ मध्यें आब्रितुस येथें गॉथ लोकांनीं सम्राट डेशियुसास ठार करून त्याचा खजिना लुटला, आणि पोलंड-युक्रेनच्या बाजूस सांपडणारे अनेक भोंकें पाडलेले ऑरिअस त्या लुटींतील असावेत, असें अलेक्झांडर बुर्शे यांनीं २०१३ मध्यें साधार मांडलें आहे. रोमन सोन्याची नक्कल करणारे लोक सीमेपलीकडेहि होते. दक्षिण भारतांतहि ऑरिअसच्या देशी अनुकृति सोन्याच्याच आढळतात, आणि त्या बनावट नव्हेत, तसेंच रोमन टांकसाळीच्याहि नव्हेत. जुनें नांव, जुन्या रौप्य नाण्याचें चित्र, अशुद्ध अक्षरें, ओतीव घडण, हीं लक्षणें अनुकृतीस चांगलीं शोभतात. तिसरें दार बंद करावयाचें असेल तर त्याचीं कारणें सविस्तर द्यावयास हवीं होतीं. तीं आम्हांस समाधानकारक आढळलीं नाहींत.

नाण्यावरील लेखाचाहि विचार या पक्षासच पोषक आहे. त्यावर ‘इंपेरातोर’ या शब्दाचा संक्षेप व पुढें ‘स्पोन्सियानी’ असें षष्ठ्यंत नांव आहे; ‘ऑगस्टुस’ ही पदवीच नाहीं. रोमन टांकसाळीच्या लॅटिन लेखांत सम्राटाचें नांव बहुधा प्रथमेंत असतें. ट्राजनाच्या नाण्यांवर चतुर्थी येते. षष्ठी सहसा नाहीं. पश्चिम क्षत्रपांचीं नाणीं हाताळणाऱ्या आपल्या वाचकांस ‘अमक्याचें नाणें’ अशी षष्ठी अगदीं घरची वाटेल, आणि ग्रीक नगरांच्या नाण्यांवरहि ती येते. म्हणून केवळ षष्ठीवरून नाणें खोटें म्हणणें उतावीळपणाचें. पण ज्या प्रांताच्या नांवानें इ. स. २४६ पासून सुमारें दहा वर्षें तांब्याचीं नाणीं स्वच्छ लॅटिन लेखासह पाडलीं जात होतीं, तेथील सेनानीस थोड्याच वर्षांनीं धड लिहिणारा एक कारागीर मिळूं नये, हें पटत नाहीं. व्याकरण शिकवण्यांत उभा जन्म घालविलेल्या मनुष्यास कदाचित् विभक्तीचें जास्त लागतें. पण पदवी गळणें हा विभक्तीचा दोष नव्हे. राज्य बळकावणारा मनुष्य सर्वांत आधीं पदवी घेतो.

एवढें म्हटल्यावर प्रबंधकारांचें श्रेयहि नमूद केलें पाहिजे. पाहिल्यावांचून फेटाळलेल्या वस्तु त्यांनीं खणांतून काढून भिंगाखालीं ठेविल्या. कोहेनचा अभिप्राय शंभराहून अधिक वर्षें वेदवाक्य मानला गेला, आणि त्या काळांत कोणीहि नाण्यास हात लाविला नाहीं, ही नाणकशास्त्राला भूषणावह गोष्ट नाहीं. हीं नाणीं अठराव्या शतकांतील सामान्य बनावट होत, हें मत आतां पूर्वींइतकें निःशंकपणें उच्चारतां येणार नाहीं. परंतु त्यांवरून डेशियांत स्वतंत्र नाणेंव्यवस्था उभी करणें, हें चार नाण्यांच्या खांद्यावर फार ओझें आहे.

व्हिएन्ना व सिबिउ येथील नाण्यांचेंहि ग्लासगोप्रमाणेंच परीक्षण होऊन तिन्ही ठिकाणचे निष्कर्ष एकत्र मांडले जावेत. विशेषतः प्लॅटिनमसारख्या अत्यल्पांश धातूंचें प्रमाण पाहिलें जावें, कारण मिठाच्या पुटानें सोन्यांतील चांदी जाते, प्लॅटिनम जात नाहीं. तेव्हां सोनें कोठलें याचा माग त्यावरून लागूं शकतो. सर्व नाण्यांचें सोनें एकाच वेळीं, एकाच मुशींत वितळलेलें निघालें तर संशय वाढेल. निरनिराळ्या ओतांचें निघालें तर प्रबंधकारांच्या पक्षास बळ येईल. आणि ज्यांच्या स्वतःच्या पेटींत एखादा ऑरिअस आहे, त्यांनीं तो सराफाकडे नेण्यापूर्वीं त्याचें हवेंतील व पाण्यांतील वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे ठसे आणि तो कोठून हातीं आला याची हकीकत एका कागदावर उतरवून ठेवावी. हेरेउसची १७१३ सालची ती एक नोंद नसती, तर आज या वादास बूडहि राहिलें नसतें.